चिमटीत धरलेलं पाणी

माधव नगर, उज्जैन
२८ मे १९९४

चि. निहारिका,

जलदाबविशारद भाचीला मामाचे आशीर्वाद. तुझ्या आईच्या पत्रावरून कळलं, की तू पुण्याच्या प्रयोगशाळेत सिमेंटचं छोटं धरण बांधून त्यावरून पाणी सोडतेस आणि सरकार त्याचा तुला पगार देतं. लहानपणी आमच्या न्हाणीघरात तू हेच करायचीस, तेव्हा जयूमामीने तुला दोन धपाटे घातले होते. आता तिला वाईट वाटतंय, असं कळवायला सांगते.

इकडची खबर अशी. शहराच्या वर, रेतीच्या डेपोपलीकडे क्षिप्रेवर नवा बंधारा झाला आहे. मी आणि गोपाळकृष्ण रोज सकाळी तिथे पोहायला जातो. गोपाळ तुला आठवत असेल. पाठशाळेत माझ्या शेजारी बसायचा, पुढे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला आणि तिथूनच रिटायर झाला. अजूनही कोणाच्या श्लोकात एखादी मात्रा सांडली, की त्याच्या कपाळाला आठी पडते. कुसुमवहिनी गेल्यापासून तो पोहायचा, पण बोलायचा नाही. काठावर बसून अंग पुसायचा आणि घरी जायचा. बस.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी काँक्रीटच्या अंगणाएवढाल्या फरश्या टाकल्या आहेत. वरून पडणाऱ्या पाण्याने तळ उकरू नये म्हणून. काठाकडची फरशी जरा उंच आहे, ती बहुतेक कोरडीच असते. तिच्यात मुठीएवढी चारपाच भोकं ठेवली आहेत. वैशाखी पौर्णिमेच्या स्नानासाठी दारं उचलून पाणी सोडलं, तर त्या कोरड्या फरशीच्या भोकांतून पाणी उडायला लागलं. कारंज्यासारखं सलग नव्हे. उडायचं, बसायचं, मध्येच लागोपाठ दोनदा उडायचं. खाली कोणी झोपलंय आणि त्याचा श्वास लागतोय, असं वाटत होतं. यात्रेकरू जमले. एका बाईने हात जोडून मला विचारलं, "पंडितजी, ये कौन से महादेव हैं?"

मी पडलो संस्कृतचा मास्तर. 'ठाऊक नाही' म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. म्हटलं, "उच्छ्वासेश्वर." वर एक श्लोक तिथल्या तिथे रचून म्हटला, अगदी जुन्या पोथीतला असावा अशा चेहऱ्याने. मागून आवाज आला, "यज्ञू, तिसऱ्या चरणात घसरलास." गोपाळ होता, आणि हसत होता. कुसुमवहिनींनंतर पहिल्यांदा.

उच्छ्वासेश्वर लोकांच्या जिभेला वळेना, त्यांनी सांसेश्वर केलं. आता तिथे बेलपत्र असतं, उदबत्त्या असतात. गोपाळ रोज त्या फरशीवर आसन टाकून बसतो. 'मजाक म्हणून' असं म्हणतो. बायका त्याला नमस्कार करतात, तो त्यांना पोराबाळांचं विचारतो, आणि दहाच्या आत घरी जात नाही.

तर विदुषी, तुझं शास्त्र काय म्हणतं? आमचा देव झोपला आहे की जागा आहे?

तुझा
यज्ञेश्वरमामा


पुणे
७ जून १९९४

ती. मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. तुझं पत्र वाचून आई हसते आहे. मला तितकं हसू आलं नाही, कारण तू ज्याला श्वास म्हणतोस तेच मोजायचं माझं काम आहे.

वरून पडलेलं पाणी पायथ्याशी घुसळतं. तिथे एकाच जागी दाब एका क्षणी दुप्पट होतो, दुसऱ्या क्षणी नाहीसा होतो. हे धक्के फरश्यांच्या सांध्यांतून खाली शिरतात. आत शिरलेला दाब बाहेर पडावा म्हणून ती भोकं असतात. तुझ्या देवाची नाकपुडी म्हणजे आमची सुटकेची वाट. नेमक्या एका क्षणी खाली दाब चढलेला आणि वर उतरलेला असला, तर फरशी खालून ढकलली जाते. तिचं वजन त्याला पुरतं की नाही, हा प्रश्न. सगळ्या दिवसाच्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून उसळी मोजावी लागते.

आमच्याकडे यंदा परदेशी दाबमापक आले आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे. पूर्वी परवान्यातच वर्षं जायची, आता दिल्लीचा एक माणूस फॅक्स करून मागवून देतो. पण त्यातला एकही तुझ्याकडे पाठवता येणार नाही. तू असं कर: पारदर्शक प्लास्टिकची नळी घे, पुरुषभर उंचीची. टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून एका भोकात घट्ट बसव आणि नळी उभी धर. दारं उघडली, की पाणी नळीत कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं ते बघ. मला दोन्ही हवं.

गोपाळकाकांना नमस्कार. त्यांनी पाणी चालू असताना दुसरीकडे बसलं तर बरं.

निहारिका


माधव नगर, उज्जैन
२२ जून १९९४

चि. निहारिका,

तुझी आज्ञा पार पाडली. गंगादशहऱ्याला पाणी सोडलं होतं, तो मुहूर्त साधला. नळी अनिल भैयाच्या दुकानातून आणली. हा अनिल भैया टॉवर चौकात संडासाची भांडी आणि नळ विकतो, सध्या त्याचं फार जोरात आहे; लोक आता रंगीत भांडी मागतात म्हणे. नळी कशाला हवी विचारलं, म्हटलं देवाची नाडी बघायची आहे. तो गंभीर झाला आणि आमच्याबरोबर आला.

तर आकडा घे. पाणी दीड वीत आणि वर दोन बोटं चढून उभं राहिलं. अगदी स्थिर. समाधीतला योगी इतका स्थिर नसेल. मी तीनदा पाहिलं, गोपाळने दोनदा. पार्सलचा माणूस, वजनमापाला पक्का. तेव्हा आमचा देव प्रकृतीने उत्तम आहे आणि तुमची भीती पुस्तकी आहे, असं निवेदन आहे.

अनिल भैयावर मात्र परिणाम झाला. सगळं बघून म्हणाला, "पंडितजी, यहाँ तो ट्रस्ट बनना चाहिए." परवा बनलाही. अध्यक्ष तो, पुजारी गोपाळ आणि मी 'विद्वान सदस्य'. माझा तो श्लोक संगमरवरात कोरायला दिला आहे. तिसरा चरण दुरुस्त करून. गोपाळने दुरुस्त केला, आणि त्या आनंदात आमच्याकडे जेवायला थांबला. मामीने विचारून विचारून पुरणपोळी वाढली आणि त्याने ती खाल्ली.

तू म्हणतेस, त्याने दुसरीकडे बसावं. बेटा, दोन वर्षं तो दुसरीकडेच बसला होता.

तुझा
मामा


पुणे
३० जून १९९४

ती. मामा,

आकडा मिळाला, जीव भांड्यात पडला. दीड वीत म्हणजे काहीच नाही. त्या फरशीला कळणारसुद्धा नाही. आमच्या जयंत सरांना दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, देवाला दीर्घायुष्य आहे."

हे पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. आज पुन्हा उघडून लिहिते आहे. दुपारी माझ्या मॉडेलवर नळ्या बघत होते आणि एकदम तुझं 'समाधीतला योगी' आठवलं. मामा, इथे माझ्या एकाही नळीतलं पाणी कधी स्थिर उभं राहत नाही. ते नाचतंच. तुझं कसं राहिलं? तू नेमकं काय केलंस, ते गंमत न करता लिही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव. भोकांतून पाणी उडतं आहे तोवर खालचा दाब मोकळा होतो आहे. दारांतून पाणी जोरात येत असेल आणि भोकं गप्प असतील, तर त्या फरशीवर उभं राहू नकोस. कोणालाही राहू देऊ नकोस. श्वास चालू आहे तोवर ठीक. श्वास थांबला, की उतर.

निहारिका


माधव नगर, उज्जैन
११ जुलै १९९४

चि. निहारिका,

गंमत न करता लिहितो. हाताला सवय नाही, तेव्हा अक्षर वाकडं येईल.

नळी लावली तेव्हा पाणी अर्थातच नाचत होतं. नाचत होतं म्हणजे काय, पहिल्याच उसळीला नळीच्या वरच्या तोंडातून निघून गोपाळच्या चेहऱ्यावर बसलं, आणि पुढच्या क्षणी नळी तळापर्यंत रिकामी, भोक फसफस करून हवा ओढतंय. असा आकडा तुझ्यासारख्या सायंटिस्टला कसा कळवायचा? म्हणून मी नळी खालच्या बाजूला चिमटीत धरली आणि हळूहळू दाबत गेलो. पाणी शहाण्यासारखं शांत झालं. मग वाचलं. वर्गात गोंगाट असेल तर मी हजेरी घेत नाही, तसंच हे. यात काही चुकलं का?

बाकी ट्रस्टची प्रगती वेगात आहे. अनिल भैयाला नळांचं ज्ञान. त्याच्या ध्यानात आलं, की भोकं पाच असल्याने प्रत्येकाला प्रसाद थोडाथोडा मिळतो. "चार बंद कर दो पंडितजी, पाँचवाँ देखना, सीधा आसमान में जाएगा." चार भोकं त्याने सिमेंटने बुजवली. सांधेही भरले, भक्तांच्या पायात कचकच नको म्हणून. आणि खरंच, परवा इंदूरकडे पाऊस झाला, दारं उचलली, तर पाचव्यातून पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. लोकांनी जयजयकार केला. गोपाळ नखशिखांत भिजला आणि पोरासारखा खुश होता.

त्या भोकावर आता काळ्या दगडाची पिंडी बसणार, पोटातून आरपार वाट ठेवलेली, म्हणजे अभिषेक खालून वर. अशी सोय काशीलाही नसेल. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी प्रतिष्ठा आहे. माझं दहा मिनिटांचं भाषण ठेवलंय. गोपाळ म्हणतो, दहा मिनिटांत तुझं मंगलाचरण होत नाही.

तुझं 'श्वास थांबला की उतर' त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "देव मौन धरेल कधीतरी, त्याचाही उपास असतो." त्याला तिथून ऊठ म्हणायचं माझ्या तोंडून निघत नाही. तू शास्त्राने सांगितलंस, तर बघू.

आणि खरं सांगायचं, तर पाणी जोरात असताना त्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं, की तळपायाला हल्ली काहीतरी लागतं. मुंग्या आल्यासारखं. मामी म्हणते मधुमेह तपासा.

तुझा
मामा


पुणे
२० जुलै १९९४

ती. मामा,

मधुमेह नाही. फरशी थरथरते आहे.

चिमटीत धरलेलं पाणी खोटं बोलतं, मामा. नळी दाबली, की उसळ्या गळ्यातच अडकतात आणि उरते ती सरासरी. तुला एकट्याला दोष देत नाही. आमच्याकडेही जुनी माणसं रबरी नळीला चिमटा लावूनच वाचायची. वर पाठवायला न नाचणारा आकडा बरा दिसतो. पण तू जे 'कळवण्यासारखं नाही' म्हणून सोडलंस, काकांच्या तोंडावर उडालेलं पाणी आणि मग रिकामी नळी, तेच खरं मोजमाप होतं.

तुझं पत्र आल्यावर मी मॉडेलमधल्या एका फरशीची भोकं मेणाने बुजवली, एक ठेवलं. मग तेही बुजवलं आणि पाणी वाढवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग फरशी उचलली गेली. तुटली नाही, आवाज नाही; ताटाखाली हात घालून कोणी ताट उलटावं, तशी. कागदावर सरासरी दाब शेवटच्या क्षणापर्यंत तोच होता. जयंत सर तिथे उभे होते. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि तुमच्याकडच्या पाटबंधारे खात्याला पत्र लिहायला बसले.

सुदैवाने वेळ आहे. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आठ ऑगस्टला श्रावण लागतो आणि त्याच दिवशी सोमवार आहे. खात्याने एक ऑगस्टला पाहणी कबूल केली आहे. मी तीस जुलैला तिथे पोचते. एक परदेशी मापक सरांनी माझ्याबरोबर द्यायचं मान्य केलं आहे. अनिल भैयांना मी आकडे दाखवेन, आणि गोपाळकाकांशी मी बोलेन. त्यांना उठवायचं काम तुझ्यावर टाकत नाही. फोनसाठी दोनदा बूथवर गेले, पण तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर पावसामुळे बंद आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरेल.

तोवर एवढंच कर. ते पाचवं भोक बुजू देऊ नकोस.

निहारिका


माधव नगर, उज्जैन
२९ जुलै १९९४

चि. निहारिका,

तुझं वीस तारखेचं पत्र सत्तावीसला, बुधवारी मिळालं. प्रतिष्ठा सोमवारी झाली. पंचवीसला.

आईला विचारलं असतंस, तर तिने सांगितलं असतं. ती इथे वाढली. इकडे महिना पौर्णिमेनंतर पालटतो. गुरुपौर्णिमा झाली, की दुसऱ्या दिवशी श्रावण. तुमचा अमावास्येनंतर, पंधरा दिवस मागून. इथल्या मराठी घरांत दोन्ही चालतात. जयू दोन्हींचे सोमवार धरते आणि मी दोन्हींची साबुदाण्याची खिचडी खातो. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की तुला लिहिताना तारीख घालायची मला सुचलं नाही. पंचांग मी वर्गात शिकवतो.

आता क्रमाने सांगतो.

रविवारी संध्याकाळी पिंडी बसवली. पहाटे पाऊस होता. सकाळी फरशीवर शंभरेक माणसं असतील, शामियाना होता, एका कोल्ड्रिंकवाल्या कंपनीचं निशाण होतं. दारं उचलली. पाण्याचा आवाज इतका, की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नव्हतं. आणि पिंडीतून काही नाही. थेंब नाही. पिंडीच्या पोटातल्या वाटेत सिमेंटचा ओला माल ओघळून ती बुजली होती, हे मागाहून कळलं. अनिल भैया म्हणाला, "प्रेशर कम है." त्याने बंधाऱ्यावर माणूस पाठवला, आणखी एक दार उचलायला.

माझ्यासमोर अभिषेकाचा तांब्या होता. त्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती आणि थांबत नव्हती. तळपायाला मुंग्या नव्हत्या. आता थरथर पोटरीपर्यंत येत होती. आणि मला तुझं वाक्य आठवलं. श्वास थांबला, की उतर.

शंभर माणसांना पाण्याच्या दाबाबद्दल काय सांगायचं? मला एकच विद्या येते. मी माइक घेतला, हात वर केला आणि श्लोक म्हटला. तिथल्या तिथे रचून. अर्थ असा सांगितला, की मुखातून जल येत नाही तोवर देव इथे नाही. देव नसलेल्या आसनावर जो उभा राहील, त्याच्या कुळाला दोष. आधी सगळे खाली उतरा, मग शुद्धी होईल. माझा आवाज बरा लागला असावा. लोक उतरले. बायकांनी मुलं उचलली. अनिल भैया तोंड वाकडं करून उतरला, पण उतरला.

गोपाळ उतरला नाही. तो पिंडीजवळ आसनावर बसून हसत होता. तिथे असा एकच माणूस होता, ज्याला तो श्लोक खोटा आहे हे कळत होतं.

"यज्ञू," तो ओरडून म्हणाला, "घाईत दुसरा चरण मोडलास रे. आता काय, देवाची बदली करतोस?"

मी काठावरून ओरडलो, "गोपाळ, ऊठ. खरंच सांगतोय."

"खरंच सांगताना तुझा चेहरा असाच असतो," तो म्हणाला. "वैशाखातही असाच होता." आणि त्याने मला दाखवून मांडी आणखी घट्ट घातली.

मी त्याच्याकडे जायला निघालो. अनिल भैयाने माझा हात धरला. त्याला वाटलं, विद्वान सदस्य आपलं म्हणणं मोडून फरशीवर चढतोय, लोक काय म्हणतील. तेवढ्यात ती उचलली गेली. तू लिहिलंस तशीच. तुटली नाही. एवढ्या गर्जनेत तिचा वेगळा आवाज कोणालाच ऐकू आला नाही.

गोपाळ मंगळवारी सकाळी रामघाटाच्या पायऱ्यांशी मिळाला. त्याची मुलगी सुलू सासरहून आली आहे. बापाचं सगळं तिनेच केलं. मला म्हणाली, "काका, बाबा शेवटी काय बोलले?" मी सांगितलं, की माझी चूक काढली. ती थोडी हसली. म्हणाली, "मग ठीक होते."

अनिल भैया दोनदा येऊन गेला. लोक म्हणतात, पंडितजींनी आधीच सांगितलं होतं, दोष लागेल म्हणून, आणि तसंच झालं. माझ्या त्या मोडक्या श्लोकाची लोक वहीत नक्कल करून घेऊन जातात. नवी जागा बघणं चालू आहे. यावेळी थेट बंधाऱ्याच्या भिंतीशी, तिथे म्हणे पाणी आतून पाझरतं. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, विद्वान माणूस आढेवेढे घेतोय.

तू विचारलं होतंस, पाणी कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं, दोन्ही हवं. तर लिहून घे. ती फरशी आता पन्नासेक पावलं खाली नदीत उलटी पडली आहे. पाणी उतरलं, की तिची कड दिसते. पिंडी खालच्या बाजूला आहे. अनिल भैयाचं सिमेंट चांगलं होतं, ती निघाली नसणार.

हे पत्र तू निघाल्यानंतर पुण्याला पोचेल, हे मला कळतं. तरी लिहिलं, समोर बसून सांगताना माझा चेहरा कसा होईल, याचा भरवसा वाटत नाही. उद्या स्टेशनवर येतो. तो मापक घेऊन ये. बाकीच्या फरश्या अजून जागेवर आहेत, त्यांचीही भोकं कोणीतरी भरली आहेत, आणि पाणी चढतंय. पुढच्या सोमवारी लोक पुन्हा येणार. त्यांना श्रावण लागलेला आहे.

तुमच्याकडे अजून आषाढ आहे.

यज्ञेश्वरमामा